टीनाच्या टाचेमागची कंडरा

मित्रांनो, एक हात खाली न्या आणि तुमच्या टाचेच्या थोडं वर, मागच्या बाजूला, दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. तिथे दोरीसारखं काहीतरी ताठ लागेल. तीच मी. डॉक्टर मला कंडरा म्हणतात. आमच्या एकोडी गावात हे नाव कोणी घेत नाही, तिथे 'टाचेची शीर' म्हटलं की सगळ्यांना समजतं. मी टीनाच्या उजव्या पायात राहते. टीना तेवीस वर्षांची आहे, म्हणजे मीही तेवीस वर्षांचीच. पण माझ्या वयाची दुसरी कोणी इतकी भित्री असेल असं मला वाटत नाही. टीना सकाळी खाटेवरून पाय खाली सोडते तेव्हा मी घाबरते. पायरी आली की घाबरते. रस्त्यात कुत्रं भुंकलं आणि तिने झटकन पाय उचलला, तरी माझा थरकाप होतो. मी जन्मापासून अशी नव्हते. अशी कशी झाले, तेच सांगायला बसले आहे.

माझं शरीर धाग्यांचं आहे. अंबाडीचा दोर वळताना तुम्ही पाहिला असेल. आधी बारीक धागे, मग त्यांच्या जुड्या, मग त्या जुड्यांना एकत्र पीळ. मीही तशीच बनले आहे, आईच्या पोटात असतानाच. माझं वरचं टोक पोटरीच्या स्नायूत मिसळलेलं आहे आणि खालचं टोक टाचेच्या हाडात रुतलेलं आहे. हाडाला स्वतःहून हलता येत नाही. त्याला हलवतो तो स्नायू. पण स्नायूलाही एकच काम येतं, आखडायचं. तो ओढू शकतो, ढकलू शकत नाही. पोटरी आखडली की ती मला ओढते, मी टाचेला वर ओढते आणि टीना चवड्यावर उभी राहते. पाऊल पुन्हा वर उचलायचं असेल, तर नडगीपुढचा स्नायू उलट बाजूने ओढतो आणि त्या वेळी पोटरीने सैल पडायचं असतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं. माणूस चालतो तो एवढ्या समजुतीवर.

मी मात्र आखडत नाही. मी ताण घेते, जराशी लांबते आणि परत जागेवर येते. माणूस धावू लागला की त्याच्या अंगाच्या वजनाच्या सहा-सात पट ओढ माझ्यावर येते. ती मी सोसू शकते, नाही असं नाही. फक्त हळूहळू सवय लावावी लागते, आणि मधे विसावा द्यावा लागतो. स्नायूला इजा झाली तर त्याच्याकडे रक्त भरभरून येतं. माझ्याकडे रक्ताच्या वाटा थोड्या आणि अरुंद. म्हणून माझा एक धागा तुटला तर तो सांधायला मला आठवडेच्या आठवडे लागतात. हे टीनाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला तर बोलता येत नाही. मला एकच भाषा येते, ती म्हणजे दुखणं.

लहानपणी मला दुखायचं कारणच पडलं नाही. टीना शाळेत धावायची आणि पहिली यायची. तिला एकदा स्टीलचा डबा मिळाला, एकदा छत्री मिळाली. गावातले लोक तिच्या वडिलांना, इश्वरभाऊंना म्हणायचे, "भाऊ, पोरीचे पाय पाय नाहीत, चाकं आहेत." त्या 'पाय' शब्दात मीही आले, असं मी मनाशी धरून चालायचे.

बारावीनंतर दोन वर्षांनी टीनाने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. तिची मैत्रीण रीता आणि ती, दोघी पहाटे गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावायच्या. पाळीची माती मऊ होती. रीता मोबाईलवर वेळ लावायची. आठशे मीटर, मग शंभर मीटर, मग गोळा म्हणून एक गोल दगड फेकायचा. ती दोन वर्षं म्हणजे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. मी रोज थोडी ताणली जायचे आणि रोज थोडी घट्ट व्हायचे. भीती कशाला म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

मग गेल्या वर्षीचा जुलै आला आणि रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली. बांधीत, भाताच्या खाचरात, घोट्याच्या वर चिखल. बायका ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवत मागे मागे सरकतात. टीनाची आई गोदावरीबाई त्यात सगळ्यांत पुढे आणि टीना तिच्या बाजूला. पाऊल चिखलात रुतायचं, टाच खोल जायची, मी पार ताणली जायचे, आणि मग ते पाऊल चिखलातून उपसायचं. दिवसभर असंच. वीस दिवस टीनाचं धावणं बंद होतं. पण मला सुट्टी नव्हती. रोवणी संपली तेव्हा मी शिणले होते. चार-आठ दिवस मला नुसतं चालवलं असतं तरी पुरलं असतं.

रोवणीच्या शेवटच्या दिवशीच रीता सांगत आली, मैदानी चाचणीची तारीख निघाली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. टीनाने बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहरा उतरला.

"वीस दिवस वाया गेले वं," ती म्हणाली. "आता दोन्ही टाइम धावा लागंल."

पावसाने पाळ निसरडी झाली होती, म्हणून तिने डांबरी रस्ता धरला. सकाळी तालुक्याच्या गावाच्या, साकोलीच्या दिशेने, संध्याकाळी परत त्याच रस्त्याने. पायात टाचेकडून झिजलेले जुने बूट. आधी आठवड्याला जेवढं धावायची तेवढं ती आता दोन दिवसांत धावू लागली. डांबर काही झेलत नाही. त्यावर आपटलेलं प्रत्येक पाऊल सरळ माझ्यापर्यंत येत होतं.

सातव्या-आठव्या दिवशी माझा पहिला धागा तुटला. आवाज झाला नाही. टीनाला कळलंही नाही. मला कळलं. मित्रांनो, तुम्ही झोक्यावर बसला आहात आणि डोक्यावर दोराचा एक पदर उसवल्याचं तुम्हाला दिसलं, आणि झोका देणाऱ्याला ते दिसत नाही, अशी माझी गत झाली. मी मला येते त्या भाषेत हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी टीना खाटेवरून उतरली आणि पहिल्या पावलाला तिच्या तोंडातून "स्स" असं निघालं. आठ-दहा पावलांनी मी गरम झाले, सैल झाले, आणि दुखणं ओसरलं. टीनाला वाटलं, गेलं. ती धावायला गेली.

रोज तसंच होऊ लागलं. मी सकाळी ओरडायचे, ती वाट पाहायची, मी गरम झाले की निघायची. संध्याकाळी मी सुजलेली असायचे. तिने बोट लावलं तर आत करकर जाणवायची. ती ओसरीची पायरी आडवी उतरू लागली. हे गोदावरीबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"टीना, काहून लंगडून राहिली वं?"

"काही नाही आई. काटा रुतला होता काल."

"दाखव बरं."

"निंगला तो."

गोदावरीबाई तिच्या पायाकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, हात लावा, एकदा फक्त हात लावून बघा. पण चुलीवर भात होता. त्या आत गेल्या.

रीताला मात्र खरं माहीत होतं. रस्त्याच्या कडेला बसून टीना मला चोळत होती, तेव्हा ती म्हणाली, "दोन-तीन दिवस बस ना. मंग धावशीन."

"बसली तर गेली मी. तुले मालूम आहे ना, सेकंदासेकंदावर मार्क जाते."

"आणि पाय गेला तं?"

टीना बुटाची नाडी बांधू लागली. तिलाही भीती वाटत होती. पण तिची भीती माझ्यासाठी नव्हती. ती तारखेला घाबरत होती, आणि त्याहून जास्त आपल्या वडिलांना. इश्वरभाऊ कधी तिच्यावर ओरडले नव्हते. घाबरायचं कारण वेगळंच होतं. ते फार खूष होते. त्यांनी एकोडीत तर सांगितलंच होतं, पवनीला दिलेल्या आपल्या बहिणीलाही फोन करून सांगितलं होतं की पोरगी सप्टेंबरात भंडाऱ्याला पळणार आहे. साकोलीच्या बाजारातून त्यांनी नवे बूट आणले, निळ्या पट्टीचे. स्वतः खाली बसून तिच्या पायात घातले. बुटाची मागची कड नेमकी माझ्यावर रुतली. टीनाने ओठ दाबले.

"जमले ना, बेटा?" त्यांनी विचारलं.

"जमले, बाबा."

आता तिला थांबता येणार नव्हतं हे मला तेव्हाच समजलं.

चाचणीला पाच दिवस उरले होते. टीना झेरॉक्स काढायला जाते असं घरी सांगून सायकलने शेजारच्या गावी गेली. तिथे एक माणूस इंजेक्शनं द्यायचा. त्याच्या दारावर पाटी नव्हती, डिग्री नव्हती, पण बाकावर माणसं बसलेली होती. कंबरदुखीवाले, गुडघेदुखीवाले. एक सुई आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर, अशी त्याची ख्याती. सुईत काय असतं ते कोणी विचारत नव्हतं.

त्याने टीनाचा पाय स्टुलावर ठेवला आणि अंगठ्याने मला दाबलं. टीना कळवळली.

"शीर धरली आहे," तो म्हणाला. "कधी पळाचं आहे?"

"पाच दिवसानं. डॉक्टर साहेब, काही होणार तं नाही ना?"

"काही नाही होत. घोड्यावानी पळशीन."

सुई थेट माझ्यात शिरली. आधी आग, मग थंडावा. आणि घरी पोचेपर्यंत सगळं शांत झालं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट कुठली असं मला कोणी विचारलं, तर लोकांना वाटेल मी पुढे मैदानावर झालेलं सांगेन. नाही. ती ही शांतता होती. माझे धागे तुटलेलेच होते. सूज तिथेच होती. उलट त्या औषधाने माझे राहिलेले धागेही मऊ आणि कच्चे होऊ लागले होते. पण आता मला ओरडता येत नव्हतं. मी जीव तोडून ओरडत होते आणि माझा आवाज टीनापर्यंत पोचत नव्हता. ती सकाळी खाटेवरून उतरली, पहिलं पाऊल टाकलं, थांबली, दुसरं टाकलं, आणि हसली.

"रीता, गेलं वं दुखणं," तिने फोनवर सांगितलं. "पूर्ण गेलं."

त्या चार दिवसांत ती दोनदा धावली. तिची वेळ सुधारली होती. मी पोटरीला विनवत होते, जरा कमी ओढ. पोटरी तरी काय करणार. तिला वरून मेंदूचा हुकूम येतो आणि ती आखडते. मी दुखले असते तर मेंदूने आपणच हुकूम आवरता घेतला असता. आता त्याला वाटत होतं, खाली सगळं ठीक आहे.

चाचणीच्या दिवशी भंडाऱ्याच्या मैदानावर सकाळपासून मुलींच्या रांगा होत्या. ढग होते, पाऊस नव्हता. इश्वरभाऊ आणि गोदावरीबाई फाटकाबाहेर इतर आईबापांबरोबर जाळीला धरून उभे होते. टीनाच्या छातीवर नंबर लागला. रीता तिच्याच तुकडीत आली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मी बुटाच्या आत निळ्या पट्टीमागे होते, आणि मला ठाऊक होतं की हा आठशे मीटरचा रस्ता मी पूर्ण करू शकणार नाही. हे फक्त मलाच ठाऊक होतं.

शिट्टी वाजली.

पहिला फेरा टीना पाखरासारखी गेली. वळणावर ती पाचवी होती, फेरा संपताना तिसरी. जाळीपलीकडून इश्वरभाऊंचा आवाज आला. प्रत्येक पावलाला माझा एखादा धागा तुटत होता. आधी एकेक, मग जुडीच्या जुडी. राहिलेल्यांवर तेवढाच भार वाढत होता. मी कशाला धरून राहावं ते मला कळत नव्हतं. दुसऱ्या फेऱ्याचं शेवटचं वळण आलं. पुढची मुलगी दहा हातांवर होती. टीनाने दात आवळले आणि जोर लावला. पोटरीने सगळं बळ एकवटून ओढलं.

मी तुटले.

आवाज झाला. वाळकी फांदी मोडल्यासारखा. टीना दोन पावलं गेली आणि कोसळली. तिने आधी मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, मागून कोणीतरी टाचेवर दगड मारला. मागे कोणी नव्हतं. ती उठायला गेली तर उजवं पाऊल तिचं ऐकेना. टाच उचलायचा हुकूम येत होता, पोटरी ओढत होती, पण टाच आणि पोटरीच्या मधे आता कोणी नव्हतं.

मागून रीता आली. टीनाला पाहून तिची पावलं मंदावली.

"थांबू नको," टीना म्हणाली. "रीता, थांबू नको. पळ तू."

रीता रडत पळाली. टीना हातांवर सरकत पांढऱ्या रेघेच्या बाहेर गेली, कारण मागून आणखी मुली येत होत्या. एक महिला शिपाई धावत आली, तिने टीनाच्या पाठीला हात दिला. "कोणी मारलं मले?" टीनाने तिला विचारलं. शिपाईबाई म्हणाल्या, "कोणी नाही मारलं, बाळा. बस. हलू नको."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, कारण मी स्वतःच दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा पोटरीने आखडून वर खेचून नेला होता. खालचा टाचेला चिकटून एकटा. मधे चार बोटं अंतर आणि त्यात रक्त. इतके दिवस मी तुटण्याला घाबरत होते. आता मी याला घाबरत होते की माझे दोन तुकडे एकमेकांना कधी सापडलेच नाहीत तर.

दवाखान्यात डॉक्टरांनी टीनाला पालथं झोपवून पोटरी दाबली. डाव्या पायाची दाबली तेव्हा पाऊल हललं. उजव्याची दाबली, पाऊल लटकून राहिलं. त्यांनी विचारलं, "आधी दुखत होतं का?" टीनाने आईकडे पाहिलं. "इंजेक्शन घेतलं होतं का कुठे?" तेव्हा ती रडू लागली आणि तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, आणि त्या माणसाची तक्रार मी करीन असं म्हणाले.

ते बाहेर गेल्यावर इश्वरभाऊ खाटेजवळ आले.

"दीड महिना दुखून राहिलं होतं," ते म्हणाले. "मले सांगितलं काहून नाही, बेटा?"

"कशी सांगू, बाबा? तुमी साऱ्यांले सांगून ठेवलं होतं."

इश्वरभाऊ तिच्या पायथ्याशी बसले आणि लटकलेलं पाऊल दोन्ही हातांत धरून राहिले, जसं काही सोडलं तर ते पडेल. गोदावरीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मी त्या दिवशी हात लावून पाहाले पाहिजे होतं." त्या हे नंतर पुष्कळदा म्हणाल्या. टीना प्रत्येक वेळी सांगायची की आई, मीच खोटं बोलली होती.

नागपूरला शस्त्रक्रिया झाली. माझे दोन्ही तुकडे ओढून आणले, तुटलेली टोकं साफ केली आणि जाड धाग्याने मला शिवलं. मग पाऊल खाली झुकलेलं ठेवून प्लास्टर घातलं, म्हणजे मला ताण पडू नये. अंधारात मी आणि तो धागा. रक्त आपल्या अरुंद वाटांनी हळूहळू येत होतं. रोज एक-दोन तंतू इकडून तिकडे जात होते. वर टीना पडल्यापडल्या रडायची ते मला ऐकू यायचं. रीताची निवड झाली होती. ती पेढे घेऊन आली, पण पिशवीतून काढायचं धाडस तिला होईना. टीनानेच पिशवी ओढून घेतली आणि एक पेढा तिच्या तोंडात घातला. "तू थांबली असती ना," ती म्हणाली, "तं मी तुझ्याशी बोलली नसती कधी."

प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी ओळखू येईना. नुसती काठी. टीनाने पहिल्यांदा पाऊल जमिनीवर टेकलं, तेव्हा ती जास्त घाबरली होती की मी, ते सांगता येणार नाही. ती कुबड्यांवर लटकली होती, घामाने भिजली होती, आणि पाऊल टेकवून पुन्हा पुन्हा उचलत होती. "तुटते वाटते, सर," ती म्हणत होती. साकोलीला फिजिओथेरपी देणारे वीरेंद्र सर तिच्यासमोर जमिनीवर बसले होते.

"नाही तुटत," ते म्हणाले. "पण तुला भीती वाटते ते बरोबर आहे. वाटू दे. फक्त एक कर. दुखलं की मले सांगायचं. किती दुखलं, कुठे दुखलं, सगळं. लपवलंस तर मी काही करू शकत नाही."

तिथून पुढचे महिने मोठे कंटाळवाणे गेले. आधी बसून टाच उचलायची. मग दोन्ही पायांवर उभं राहून. मग खांब धरून. गोदावरीबाई रोज एसटीने तिच्याबरोबर यायच्या आणि बाकावर बसून पुटपुटत मोजायच्या. एखाद्या दिवशी मी दुखले की सर व्यायाम कमी करायचे. दोन दिवसांनी पुन्हा वाढवायचे. पोटरी थोडी भरली. मी जाडजूड आणि गाठाळ झाले, पूर्वीसारखी सडपातळ राहिले नाही. पण भीती गेली नाही. जिना दिसला की मी आजही धसकते.

मार्च संपता संपता रीताचा फोन आला. ती प्रशिक्षणाला होती.

"टीना, नवीन भरतीचे फॉर्म निंगून राहिले. मैदान मे महिन्यात होईल म्हणते. भरशीन का?"

टीना रात्रभर तळमळली. सकाळी इश्वरभाऊंनी एवढंच म्हटलं, "तुझा पाय, तू ठरव. मी कोणाले काही सांगितलं नाही या वेळेस." ती साकोलीला गेली आणि वीरेंद्र सरांना विचारलं, "सर, मे महिन्यात पळू शकते का मी?"

सर म्हणाले, "पाहू. एका पायावर उभी राहा. भिंतीला फक्त बोटं टेकव, भार देऊ नको. टाच पूर्ण वर, मग हळू खाली. डाव्यानं पंचवीस होतात तुझे. उजव्यानं वीसच्या वर झाले तर फॉर्म भर. नाही झाले तर ही भरती सोड, पुढची घे." तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारबुवांनी हाक मारली. सर तिकडे वळले आणि जाता जाता म्हणाले, "मोजून सांग मले."

त्या दिवशी गोदावरीबाई आल्या नव्हत्या. खोलीच्या या कोपऱ्यात टीना होती आणि मी होते. दुसरं कोणी बघत नव्हतं.

तिने उजव्या पायावर भार घेतला. पोटरी आखडली. एक. दोन. मी ताणली जात होते आणि परत येत होते. सहा. सात. आठव्याला शिवणीच्या जागी कळ आली. नवव्याला टाच मोठ्या मुश्किलीने पूर्ण वर गेली. दहाव्याला पाय थरथरू लागला. अकराव्याला मी वरपर्यंत पोचले, आणि मला कळलं की आता पुढे नाही. मी दुखले. जितकं दुखता येतं तितकं दुखले.

टीना टाच खाली टेकवून उभी राहिली. ती भिंतीकडे बघत होती. बोटांऐवजी तळहात टेकला असता तर आणखी दहा झाले असते. काही न करता नुसतं 'बावीस' म्हटलं असतं, तरी सरांनी मानलं असतं. तिचे ओठ हलत होते. मित्रांनो, मैदानावर शिट्टी वाजायच्या आधी मी घाबरले होते, सुई टोचली तेव्हा घाबरले होते, पण त्या क्षणाइतकी मी कधीच घाबरले नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य तिच्या तोंडातून निघणाऱ्या एका आकड्यावर होतं.

"किती झाले?" सरांनी तिकडूनच विचारलं.

"अकरा," टीना म्हणाली. "अकराव्याले दुखलं, सर. इथं."

आणि तिने वाकून नेमकं माझ्यावर बोट ठेवलं.

तिने ती भरती सोडली. घरी येऊन खूप रडली, पण सोडली. भरतीच्या वयाची अजून काही वर्षं तिच्या हातात आहेत. आता तिचे उजव्या पायाने अठरा होतात. परवा ती पाळीच्या मऊ मातीवर शंभर पावलं धावली, शंभर चालली, पुन्हा शंभर धावली. मी सगळा वेळ घाबरत होते, आणि तीही जपून पाऊल टाकत होती.

मित्रांनो, तुमच्या खांद्यात, मनगटात, गुडघ्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. आम्हाला हळूहळू वाढवा, दमल्यावर बसू द्या. दुखणं हा आमचा आवाज आहे, तो सुईने बंद करू नका. आणि कोणी विचारलं, किती झाले, तर खरा आकडा सांगा.